अदलाबदलीचा नियम

भय्यासाहेबांच्या बैठकीत खिडकीशी एक वेताची खुर्ची आहे. गेली चोवीस वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी त्या खुर्चीवर विनायकराव मोघे बसत आले होते. खुर्चीवर त्यांचं नाव कोरलेलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं. त्या गुरुवारी ते फ्रीगंजातल्या त्या फ्लॅटचे दोन जिने चढून आत आले, तर खुर्चीत केतकी. नुसती टेकलेली नव्हती, पाय वर घेऊन, मांडीवर लॅपटॉप ठेवून ऐसपैस बसलेली. आणि भय्यासाहेब तिच्या दिशेने कान करून ऐकत होते.

"ये विनायक. बैस कुठेतरी," ते म्हणाले.

कुठेतरी. विनायकराव सोफ्याच्या कडेवर बसले आणि हा एक शब्द त्यांनी रात्री जेवणापर्यंत चघळला.

माणूस वाईट नव्हता हो. वय एक्कावन्न, देवास रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवायचे, वेळेवर जायचे, वेळेवर पेपर तपासायचे. पण मत्सर नावाचा जो प्राणी आहे तो त्यांच्या घरी लहानपणापासून पाळलेला होता, आणि त्याला खायला घालायला ते कधी विसरले नाहीत. भय्यासाहेब त्यांचे गाइड. पीएचडी झाली, नोकरी लागली, मुलीचं लग्न झालं, तरी गुरुवार चुकला नाही. भय्यासाहेब आता ऐंशीचे होते. त्यांच्या नजरेच्या मधोमध काळा डाग आला होता, कडेकडेचं तेवढं दिसायचं. वाचन संपलं होतं. औषधं आणायची ती विनायकरावांनी, डोळ्यांच्या डॉक्टरकडे इंदूरला न्यायचं ते विनायकरावांनी. भय्यासाहेबांची सून अलका तर म्हणायची, "विनायकभाऊ आहेत म्हणून आम्ही निश्चिंत आहोत."

आणि हे सगळं मनात काही हेतू न ठेवता केलेलं होतं असं नाही. भय्यासाहेबांचं थरावर थर जोडलेल्या प्लेटांवरचं पुस्तक तीस वर्षांपूर्वी निघालं होतं. आता प्रकाशक दुसरी आवृत्ती काढत होता. जुनी प्रकरणं तशीच राहणार होती, सातवं मात्र नव्याने लिहायचं होतं. जो सातवं प्रकरण लिहील त्याचं नाव मुखपृष्ठावर भय्यासाहेबांच्या नावाखाली येणार होतं. विनायकरावांनी ते मुखपृष्ठ मनात कितीदा तरी छापून पाहिलं होतं.

ते प्रकरण भय्यासाहेबांनी केतकीला दिलं.

केतकी त्याच कॉलेजात दोन वर्षांपूर्वी लागली होती. एकतीस वर्षांची, वडील रेल्वेत, घर इथलंच, पीएचडी दक्षिणेत केलेली. तिचा दोष एवढाच की ती हुशार होती आणि ते लपवायचं तिला सुचत नव्हतं. विनायकराव तिला सगळ्यांसमोर 'मॅडम' म्हणत, आणि तो शब्द असा उच्चारत की ऐकणाऱ्याला तो वयाचा उद्धार वाटावा. तिला चहाबरोबर सेव-परमल, म्हणजे शेव-चुरमुरे, मिळतं आणि आपल्याला नुसता चहा, हे त्यांनी तीन गुरुवार मोजलं. चौथ्या गुरुवारी त्यांनाही सेव-परमल मिळालं, तेव्हा ते म्हणाले की मला डॉक्टरने सांगितलंय तळलेलं नको.

"अरे, ही पोरगी कमाल करून राहिली आहे," खुर्ची गेली त्या गुरुवारी भय्यासाहेब म्हणाले. "ऐक तरी."

विनायकरावांनी ऐकलं. पण कमालीसाठी नव्हे, चुकीसाठी.

विषय ऐकायला भारी वाटतो, मुळात साधा आहे. एक जाड वही घ्या आणि वाकवा. वही वाकते, आणि कडेला पाहिलं तर पानं एकमेकांवरून सरकून पायऱ्या झालेल्या दिसतात. या सरकण्याला म्हणतात शिअर. विमानाच्या पंखात नाहीतर रेल्वेच्या डब्यात हल्ली ज्या प्लेटा वापरतात त्या अशाच वहीसारख्या असतात: धाग्यांचा एक थर आडवा, त्यावर एक उभा, मध्ये चिकटद्रव्य. पानं डिंकाने चिकटवली म्हणून सरकायची ओढ जात नाही, ती आतल्या आत राहते. प्लेट पातळ असेल तर तिकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. जाड असेल तर ती किती वाकेल याचा हिशोब शिअर धरल्याशिवाय चुकतो.

आता हा शिअर धरायचा कसा, यावर लोकांनी जन्म घालवले आहेत. सगळ्यांत साधी थिअरी असं मानते की शिअर जाडीभर सारखाच पसरलेला आहे. खरं तर तो वरच्या आणि खालच्या पृष्ठावर शून्य असतो आणि मध्ये जास्त. ही लबाडी सांभाळून घ्यायला प्लेटच्या शिअरमधल्या ताकदीला पाच-षष्ठांशाने गुणतात. एवढं करूनही जाड प्लेट जितकी वाकायला हवी तितकी त्या हिशोबात वाकत नाही, थोडी कमीच वाकते. म्हणून मग केतकीसारखे लोक अवघड थिअऱ्या रचतात.

पुस्तकात जी नमुन्याची चौकोनी जाड प्लेट होती, चार थरांची, ती किती वाकेल याचं अचूक उत्तर जुन्या गणितज्ञांनी काढून ठेवलेलं होतं: एक पूर्णांक पंचाण्णव. केतकीच्या नव्या थिअरीने येत होतं एक पूर्णांक एकोणनव्वद. छान होतं. पण विनायकरावांच्या प्रबंधात साध्याच थिअरीने, चोवीस वर्षांपूर्वी, आलं होतं एक पूर्णांक शहाण्णव.

या शहाण्णववर विनायकरावांचं सगळं आयुष्य उभं होतं. प्लेटचे लहान चौकोनी तुकडे पाडून कॉम्प्युटरला खाऊ घालण्याची त्यांची स्वतःची एक रीत होती, आणि आकडा इतका जुळला तो त्या रीतीमुळे, असं त्यांनी प्रबंधात लिहिलं होतं. भय्यासाहेबांनी तेव्हा सगळ्या लॅबला पेढे वाटले होते.

"सर, एक अडतंय," केतकी म्हणाली. ती विनायकरावांकडे पाहून बोलत होती. "साध्या थिअरीने माझं एक पूर्णांक एकाहत्तरच येतं. तुकडे कितीही बारीक केले, कसेही केले, तरी तिथेच येऊन थांबतं. तुमचं शहाण्णव कसं आलं ते मला समजून नाही राहिलं."

"अनुभवाने येतं, मॅडम," विनायकराव म्हणाले.

भय्यासाहेब हसले नाहीत. "एका थिअरीचे दोन आकडे कसे असतील? दोघांपैकी कोणीतरी चुकतंय. आणि विनायकचं बरोबर असेल केतकी, तर तुझ्या अवघड थिअरीचं प्रकरण कशाला लिहायचं? साध्याने जे होतं त्याला अवघड कशाला?"

विनायकरावांच्या तोंडात साखर पडली. केतकीचा चेहरा उतरलेला त्यांनी नीट पाहून घेतला.

"अदलाबदल करायची का सर?" तिने विचारलं. "माझा प्रोग्राम तुम्ही बघा, तुमचा मी बघते. भय्यासाहेब म्हणाले तुमच्या वेळी लॅबमध्ये असा नियमच होता."

होता. भय्यासाहेबांचा तो नियम सगळ्या लॅबला माहीत होता. प्रबंध देण्याआधी दोन विद्यार्थ्यांनी आपापले प्रोग्राम एकमेकांना द्यायचे, ओळ न् ओळ तपासायची, आणि शेवटच्या पानावर 'तपासले' असं लिहून सही करायची. ती सही नसेल तर भय्यासाहेब प्रबंधाला हात लावत नसत. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही, त्याला दुसऱ्याचे डोळे लागतात, असं ते म्हणायचे.

"फ्लॉपीवर आहे माझा," विनायकराव म्हणाले. "खराब झाली असेल आता. शोधावी लागेल."

प्रोग्राम त्यांच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर होता, उघडल्या उघडल्या समोरच दिसेल असा. आणि फ्लॉपी खराब झाल्याची ही सबब त्यांनी पहिल्यांदा वापरलेली नव्हती.

"बरं," भय्यासाहेब म्हणाले. "पुढच्या गुरुवारी मला सांगा, कोण चुकतंय ते."

चूक आपली असेल असं विनायकरावांच्या स्वप्नातही आलं नाही. त्यांनी ठरवलं की मॅडमना कागदावर हाताने गणित करून दाखवायचं, कॉम्प्युटर नको, काही नको. चौकोनी प्लेटचं गणित हाताने होतं, फक्त बैठक मारायची तयारी पाहिजे. सोमवारी दुपारी लेक्चरं आटोपून ते बसले. पाच पानं झाली. उत्तर आलं एक पूर्णांक एकाहत्तर.

ते हसले. कुठेतरी वजाबाकी चुकली. मंगळवारी दुपारी पुन्हा पहिल्यापासून केलं, या वेळी कोरी पानं घेऊन, जुनी पानं टेबलाच्या खणात बंद करून, म्हणजे नजर जायला नको. एक पूर्णांक एकाहत्तर. बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती आणि विनायकराव दोन दिवसांची पानं शेजारी ठेवून ओळी ताडून पाहत होते.

बुधवारी त्यांनी प्रोग्राम उघडला. त्यांच्याच ओळी, त्यांनीच लिहिलेल्या. पाच-षष्ठांश जिथे लावायला हवा तिथे लावलेला होता. मग काय? तेव्हा त्यांना ती फाइल आठवली.

भय्यासाहेब प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला स्वतः लिहिलेली एक लहान फाइल देत. त्यात थरांच्या मालाचे गुणधर्म असत, कुठल्या दिशेला किती ताकद वगैरे. वर लिहिलेलं असायचं: यात हात घालू नये. गुरूची फाइल, गुरूचा शब्द. विनायकरावांनी ती चोवीस वर्षांत एकदाही उघडून पाहिली नव्हती, प्रोग्रामला जोडून मोकळे झाले होते. आज त्यांनी ती उघडली. विसाव्या ओळीला भय्यासाहेबांनी शिअरच्या ताकदीला आधीच पाच-षष्ठांशाने गुणून ठेवलं होतं, विद्यार्थी विसरतात म्हणून.

म्हणजे गुरूने एकदा लावला आणि शिष्याने पुस्तकात सांगितलंय म्हणून आणखी एकदा लावला. दोनदा लावल्यावर प्लेट हिशोबात उगाचच मऊ झाली, जास्त वाकली, आणि वाकता वाकता अचूक उत्तराच्या शेजारी जाऊन बसली. खास रीत वगैरे काही नव्हती. चोवीस वर्षं ज्याच्यावर मिरवलं ती शुद्ध चूक होती, आणि चूक असूनही उत्तर बरोबर आलं म्हणून कोणी विचारलं नाही.

विनायकरावांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं.

त्यांच्या मनात काय आलं ते सांगायलाच हवं, नाहीतर गोष्ट खोटी होईल. आधी लाज आली. ती फार वेळ टिकली नाही. मग असं आलं की हे कोणाला कळायचं कारण काय? फाइल आपल्याकडे, प्रोग्राम आपल्याकडे, भय्यासाहेबांना वाचता येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. फ्लॉपी सापडली नाही म्हणून सांगायचं. मॅडमने शोधत बसावं तिचं एकाहत्तर. या विचाराने त्यांना इतकं बरं वाटलं की घरी जाताना त्यांनी टावर चौकात उभं राहून एक कचोरी खाल्ली, डॉक्टरचं न ऐकता.

टावर चौकातून मात्र ते नेहमीप्रमाणे रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालले. अलीकडच्या बाजूला, औषधांच्या दुकानाच्या वर, माधवचा गणिताचा कोचिंग क्लास होता. माधव त्यांचा लॅबमधला सोबती. त्याने पीएचडी अर्धवट सोडली त्याला बावीस वर्षं झाली होती, आणि का कोण जाणे, त्याच्या बोर्डाखालून चालणं विनायकराव टाळत.

गुरुवारी वेताची खुर्ची रिकामी होती. विनायकराव जाऊन तिच्यात बसले. अलकाने चहा आणला, सोबत सेव-परमल, आणि ते त्यांनी खाल्लं.

"केतकी येणार नाही," भय्यासाहेब म्हणाले. "सकाळी फोन होता तिचा. म्हणाली, मला माझी चूक सापडत नाही, तीन महिने शोधून राहिले आहे, आता हिंमत नाही. प्रकरण परत करते म्हणाली. आवाज रडवेला होता. तेव्हा सातवं तू लिही. तुझ्या साध्या थिअरीचं लिही. अलका, प्रकाशकांना पत्र घाल, नाव विनायकचं."

अलका कागद-पेन घेऊन आली. विनायकरावांना वाटलं होतं की या क्षणी आपल्याला फार आनंद होईल. झालाही. छातीत ऊब आली, कान गरम झाले. केतकीचा रडवेला आवाजही त्यांनी मनातल्या मनात एकदा ऐकून पाहिला, आणि तोही गोड लागला.

"वाईट वाटतं," भय्यासाहेब बोलत होते. "हुशार होती. पण माधवसारखीच निघाली. आकडा जुळला नाही की मैदान सोडायचं."

विनायकरावांनी कप बशीवर ठेवला.

माधवचाही आकडा जुळला नव्हता. हे त्यांना माहीत होतं, नेहमीच माहीत होतं, पण ते त्यांनी मनाच्या अशा कोपऱ्यात ठेवलं होतं जिथे झाडू फिरत नाही. माधव तेव्हा अशीच एक अवघड थिअरी रचत होता. साध्या थिअरीने त्याचा जो आकडा यायचा तो विनायकरावांच्या शहाण्णवशी जुळायचा नाही. भय्यासाहेब म्हणायचे, विनायकचं साध्याने इतकं अचूक येतं, तर तुझ्या नव्या थिअरीची गरज काय, आधी तुझी चूक शोध. माधवने दीड वर्ष चूक शोधली. मग एक दिवस तो लॅबला आला नाही. लॅबमधल्या त्याच्या खुर्चीवर दुसऱ्या दिवसापासून विनायक बसू लागला होता.

"अलकाताई, थांबा," विनायकराव म्हणाले. "नाव नका घालू."

"का हो?"

"सर, केतकीचं बरोबर आहे. एकाहत्तरच येतं. मी हाताने करून पाहिलं, दोनदा. माझ्या प्रोग्राममध्ये पाच-षष्ठांश दोनदा लागलाय."

भय्यासाहेबांनी मान तिरकी केली. समोरच्याचा चेहरा पाहायचा असला की ते असे कडेने पाहत. "दोनदा कसा लागेल?"

"मीच लावला. घाईत."

"खोटं बोलू नको. घाईत माणूस विसरतो, दोनदा नाही लावत." ते बोटांनी खुर्चीच्या दांडीवर काहीतरी मोजत होते. "फाइलमध्ये माझा आहे एक. विसाव्या ओळीच्या आसपास. तुला सांगितलं नव्हतं मी?"

"सांगितलं असेल, सर."

"असेल," भय्यासाहेब म्हणाले. "बाकी सगळ्यांना सांगितलं होतं. माधवला सांगायची वेळच आली नाही, तो स्वतःच उघडून वाचून आला होता. त्याला सगळं उघडून बघायची आदत." आणि मग दांडीवरची त्यांची बोटं एकदम थांबली. खालून रिक्षांचे आवाज येत होते. "पण विनायक, तुझ्या प्रबंधावर माधवची सही आहे. 'तपासले' म्हणून. त्याने तपासला असता तर त्याला सापडलंच असतं."

चुकीची कबुली देणं तसं सोपं होतं. गणितात कोणाचीही चूक होते. हे मात्र गणित नव्हतं.

"त्याला मी प्रोग्राम दिलाच नव्हता," विनायकराव म्हणाले. "फ्लॉपी खराब झाली म्हणून सांगितलं. म्हटलं, दोस्तीखातर सही कर. त्याने केली."

"का नाही दिला?"

अलका पेन हातात धरून उभी होती. तिच्यासमोर बोलणं फार जड गेलं.

"जळत होतो त्याच्यावर. तो माझ्यापेक्षा हुशार होता आणि तुम्हाला तो आवडायचा. माझी रीत त्याने उचलली तर, असं वाटायचं."

"आणि केतकीला?"

"तेच. तसंच."

भय्यासाहेबांनी रागावावं असं विनायकरावांना फार वाटत होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि पुष्कळ म्हातारे दिसले. "सही पाहून मी निश्चिंत झालो," ते म्हणाले. "उत्तर जुळलं आणि मी पेढे वाटले. त्या पोराला दीड वर्ष म्हणत राहिलो, चूक शोध, चूक शोध. नव्हतीच चूक तर सापडेल कुठून." मग अलकाला म्हणाले, "केतकीला फोन लाव. मी बोलतो." आणि विनायकरावांना म्हणाले, "तू माधवकडे जा. मीही जाईन, माफी मलाही मागायची आहे. पण आधी तू."

विनायकराव उठले. जिना उतरताना वरून भय्यासाहेबांचा आवाज आला, फोनवरचा, "शाब्बास बेटा, शाब्बास." आणि बघा, माणसाचं कसं असतं, इतकं सगळं होऊनही तो 'बेटा' त्यांना टोचला. चोवीस वर्षांत त्यांना कोणी तिथे बेटा म्हटलं नव्हतं.

कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे त्यांनी बुधवारीच मोबाइलमध्ये उतरवून घेतलेल्या प्रोग्रामची प्रत काढली, भय्यासाहेबांच्या फाइलसकट. अकरा पानं झाली. मग ते टावर चौकाच्या अलीकडच्या बाजूने चालत गेले आणि औषधांच्या दुकानाशेजारचा जिना चढले.

दोन बॅचच्या मधली वेळ होती. माधव फळा पुसत होता. डोक्यावरचे केस गेलेले, बाह्यांवर खडूची भुकटी, बाकी तोच. त्याने वळून पाहिलं आणि डस्टर तसंच हातात राहिलं.

"विन्या? इकडे कसा रस्ता भुललास?"

विनायकरावांनी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. रस्त्यात चांगली जुळवून ठेवलेली वाक्यं ऐन वेळी कामाला आली नाहीत. "कॉलेजात एक मुलगी आहे. केतकी. ती पण तेच करते आहे, तू करत होतास ते. ती चार थरांची प्लेट, आठवते? साध्या थिअरीने तिचं उत्तर आलं..."

"एक पूर्णांक एकाहत्तर," माधव म्हणाला.

त्याला आठवावं लागलं नाही. मुलाचा वाढदिवस सांगावा तसा त्याने तो आकडा सांगितला.

"हो. तेच बरोबर आहे. तुझं बरोबर होतं. माझं चुकलं होतं."

माधव बाकावर बसला. खडूने माखलेला हात त्याने पँटला पुसला, पुन्हा पुसला. "दीड वर्ष," तो शेवटी म्हणाला. "दीड वर्ष मी रोज सकाळी उठून तेच एक गणित केलं. बाबा म्हणायचे, तुझं डोकं तर फिरलं नाही? मलाही वाटायला लागलं होतं." त्याने वर पाहिलं. "तुझ्या प्रोग्राममध्ये काय होतं?"

विनायकराव सांगणार होते. मग त्यांनी सांगितलं नाही. हातातली अकरा पानं त्यांनी त्याच्यासमोर बाकावर ठेवली.

"अदलाबदल राहिली होती," ते म्हणाले.

माधवने चष्मा कपाळावर सरकवला, खिशातून लाल पेन काढलं आणि पहिल्या पानापासून वाचायला लागला, बोट ओळीखाली धरून, जसा तेव्हा वाचायचा तसाच. विनायकराव उभे राहिले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत राहिले, कारण दुसरीकडे कुठे पाहावं ते कळेना. सातव्या पानावर बोट थांबलं. माधवने पानं उलटून भय्यासाहेबांची फाइल काढली, विसावी ओळ पाहिली, तिला लाल गोल केला, परत सातव्या पानावर आला आणि तिथे दुसरा गोल केला.

चार मिनिटं झाली होती.

जे शोधायला विनायकरावांना तीन दुपारी लागल्या ते याने चार मिनिटांत काढलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. त्या क्षणीही विनायकरावांच्या मनात ओळखीची कळ उठली, की हा अजूनही आपल्यापेक्षा तेज आहे. आणि मग त्या कळीच्या मागोमाग हिशोब आला: तेव्हाही चारच मिनिटं लागली असती.

माधवने शेवटचं पान उलटलं. खालच्या कोऱ्या जागेत त्याने लाल अक्षरांत लिहिलं, 'तपासले', खाली आजची तारीख घातली आणि सही केली. पानं नीट जुळवून त्याने विनायकरावांच्या हातात दिली. जिन्यावर पुढच्या बॅचच्या पोरांची पावलं वाजायला लागली होती.

"चल, सरक," माधव म्हणाला. "पोरांना बसायला जागा दे."